अक्काचं बेजार

निवृत्त झाल्यावर अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, आधी केलगेरीच्या तळ्यावर फिरणं सोडलं, मग जेवण निम्म्यावर आणलं, मग बोलणं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाली, "तिथं रांगेत माझेच विद्यार्थी बसलेले असतील. बाईंना काय झालं म्हणून गावभर होईल." खरंच होतं. धारवाडातली माणसं, रिक्षावाले, वकील, म्हशी, सगळ्यांना तिनं पाढे शिकवलेत. यात माझी भर फक्त म्हशींची.

म्हणून फोनवरचं समुपदेशन. सेवा पारखायचं काम मी अंगावर घेतलं. आठवड्यात इतकी अ‍ॅपं उतरवली की फोनच उदास होऊन बंद पडायला लागला. वहीत रकाने आखले: आवाज, नेटवर्क, ताटकळत किती ठेवतात.

पहिल्या ठिकाणी यंत्रानं विचारलं, आज मन एक ते दहात किती? मी अकरा दाबलं. ते अडकून बसलं. नापास.

दुसऱ्या ठिकाणी पुण्याच्या बाई, आवाज श्रीखंडासारखा. शंभरात पंच्याण्णव देऊन मी अक्काला फोनसमोर बसवलं आणि शेजारी बसलो.

"मला फार बेजार होतंय हो," अक्का म्हणाली.

"कोणाला बेजार झालात? घरात कोणी त्रास देतं का?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. पुढची वीस मिनिटं माझ्यापासून लांब कसं राहावं याचा वर्ग चालला, माझ्याच फोनवर. आमच्याकडे मन जड झालं की बेजार होतं, कानडीत होतं तसं. हे पुण्याला कसं कळावं?

"परत नको," म्हणून अक्का उठली. दोन दिवस तिनं चहासुद्धा मागितला नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

तिसऱ्या ठिकाणची बाई निघाली आमच्या जवळच्याच अळणावरकडची, मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारी. हातापाया पडून अक्काला बसवलं. "बेजार होतंय," एवढंच ती म्हणाली.

"कधी जास्त होतंय, अक्का? शाळेची वेळ झाली की?"

अक्कानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "साडेनवाला. हात आपोआप पर्स शोधतात."

मी पेन उघडलं.

"तम्मा," अक्का म्हणाली. धाकट्या भावाला ती अशीच हाक मारते. "वही घे, बाहेर हो. दार लाव."

पाऊण तास मी पायरीवर. आतून अक्काचा आवाज येत होता, शब्द एकही नाही. तिसऱ्या सेवेचे रकाने कोरेच राहिले. दार उघडून ती म्हणाली, "बुधवारी परत आहे. तेव्हा तू बाजारात जा, आणि लवकर येऊ नकोस."