फुलाचं पहिलं पाणी

रिटायर झाल्यापासून मी दर मंगळवारी झाडं चिकटवायला जाते. आमचे यजमान फोनवर पुण्याच्या नातेवाइकांना हे फार रंगवून सांगतात, आणि शेवटी ‘तेही फुकट’ असं आवर्जून जोडतात. पण काम खरंच तेच आहे. मँचेस्टरमधल्या एका जुन्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. उंच लाकडी कपाटं, कपाटांत फोल्डर, फोल्डरमध्ये जाड कागद आणि कागदांवर जगभरच्या झाडांच्या डहाळ्या. मी डहाळी कागदावर मांडते, बारीक पट्ट्यांनी बसवते, जाड देठ दोऱ्याने शिवते आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लावते. छताला काचेची मोठी खिडकी आहे. तिच्यावर पाऊस पडत असतो आणि खाली सगळं कोरडं, वर्तमानपत्रासारखं कुरकुरीत असतं. त्या खोलीत गेलं की मला अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं, आणि ते मला आवडतं.

मला तिथे नेलं ते तिथल्याच वनस्पतितज्ज्ञ मुलीने. मुलगी म्हणते मी, पण चाळिशीची आहे. तिचे वडील माझ्याच हॉस्पिटलात डॉक्टर होते आणि मी तिथल्या रक्ताच्या लॅबमध्ये. सगळा जन्म मी मायक्रोस्कोपला डोळा लावून पांढऱ्या पेशी मोजल्या. माझा आकडा कधी चुकला नाही, हे मी नको तितक्या वेळा सांगते, असं घरचे म्हणतात. मुलगी जन्मली इथेच, मराठी आईकडून ऐकून शिकली, आणि मला मावशी म्हणते. तिचा विषय आफ्रिकेतल्या वर्षावनांची झाडं.

एका मंगळवारी तिने माझ्यासमोर एक नवं पाकीट ठेवलं. कॅमेरूनच्या जंगलातून आलेलं. तीन फांद्या, सालीचा एक तुकडा आणि कागदाच्या छोट्या पुडीत एक फूल.

“मावशी, हे झाड अजून कुणी डिस्क्राइबच नाही केलं. नाव पण नाही त्याला. आय ॲम ऑलमोस्ट शुअर.”

“मग फूल एकच का?”

“झाड फार उंच आहे ना. फुलं खाली पडलेली, तीच उचलली. बाकीची फंगसने गेली. हा एकच राहिला, सो प्लीज सांभाळून हां.”

त्या भागात रस्ता येणार होता आणि रस्त्यामागून करवती. झाडाचं वर्णन छापून आलं, त्याला नाव मिळालं, तर ते धोक्यातल्या झाडांच्या यादीत घालता येतं. बिननावाच्या झाडासाठी कुणाकडे शब्द टाकायचा, असं ती म्हणाली. तेव्हापासून ते झाड मला आपलं वाटायला लागलं.

माणसाचं वर्णन आपण नाकाडोळ्यांपासून सुरू करतो, झाडाचं पायापासून करतात. तिने लिहायला घेतलेलं वर्णन मी घरी जाताना ट्रॅममध्ये वाचायचे आणि मनातल्या मनात मराठीत करायचे. झाड चाळीस मीटर उंच. बुंध्याशी फळ्यांसारखी उभी आधारमुळं, माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेली. साल करडी, पातळ, खपल्यांनी सुटणारी. कोयत्याचा घाव घातला तर आत लालसर, आणि थोड्या वेळाने त्यातून मधाच्या रंगाचा डिंक येतो. कोवळ्या डहाळ्यांवर तांबूस लव. पान लांबट, टोकाला अचानक निमुळतं, म्हणजे पावसाचं पाणी त्यावर थांबत नाही, टोकावरून गळून जातं. एवढं वाचेपर्यंत ट्रॅमच्या काचेपलीकडे ओल्या विटांच्या रांगांमधून ते झाड उगवायला लागायचं. आधी मुळं, मग खोड, मग फार वर, ढगांत कुठेतरी, पानं. माझा स्टॉप दोनदा चुकला. फुलापाशी येऊन वर्णन थांबलेलं असायचं, कारण फूल अजून उघडलंच नव्हतं.

वाळलेलं फूल उघडायची रीत अगदी स्वयंपाकघरातली आहे. छोट्या काचेच्या भांड्यात गरम पाणी घ्यायचं, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा, फूल त्यात सोडायचं आणि वाट पाहायची. चुरगळलेला तपकिरी तुकडा हळूहळू फुगतो, पाकळ्या सैल होतात. मग सगळं, पाण्यासकट, बशीत ओतून मायक्रोस्कोपखाली न्यायचं. पाण्यासकट, हे तिने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सुटलेला कुठलाही कण पाण्यातच असतो. हे काम मी आधी कितीतरी फुलांवर केलं होतं, म्हणूनच त्या दिवशी तिने ते एकुलतं एक फूल माझ्या हाती दिलं आणि ती एका मीटिंगला गेली.

फूल पाण्यात पडलं. मी वाकून बघत बसले. वर पाऊस चालू होता. पाकळ्या उलगडल्या, पाच होत्या, कडेला किंचित झालरीच्या. आतून पिवळे बारीक धागे सुटले आणि पाण्यात तरंगायला लागले. ते पुंकेसर. मला वाटलं, हे फूल पडलं तेव्हाही असाच पाऊस असेल, चाळीस मीटर खाली येताना ते कुठे कुठे अडकलं असेल. मी त्या झाडाखाली उभी होते म्हणा ना. पाणी चहासारखं तांबूस झालं होतं. मी भांडं उचललं, फूल बोटाने अडवलं आणि पाणी सिंकमध्ये ओतून दिलं.

तांदूळ, डाळ, मटकी, साबुदाणा, आयुष्यभर जे जे भिजवलं त्याचं पहिलं पाणी मी असंच बोटांनी अडवून ओतलं आहे. हाताने मला विचारलंच नाही. स्वच्छ पाणी घालायला मी नळाखाली भांडं धरलं, नळ सोडला, आणि मग कळलं. ते पिवळे धागे पाण्याबरोबर गेले होते. सिंकच्या जाळीत काही नव्हतं.

ती परत आली, तिने फूल मायक्रोस्कोपखाली घेतलं आणि सुईने फिरवून फिरवून पाहिलं. जमिनीवर पडून फुलाचा तळ काळवंडला होता, पुंकेसर सुटल्याच्या खुणा तिथे कळत नव्हत्या.

“स्टेमन्स नाहीच दिसत,” ती शेवटी म्हणाली, म्हणजे पुंकेसर. “मावशी, ही फीमेल फ्लॉवर आहे बहुतेक. म्हणजे नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. या ग्रुपमध्ये असं कुठेच नाही. धिस इज ह्यूज.”

तिचा चेहरा लहानपणी दिसायचा तसा दिसत होता. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी मूग गिळून बसले. मला भीती तिच्या रागाची नव्हती. त्या टेबलावरची माझी जागा जाईल, मंगळवार जाईल, आणि जिचा आकडा कधी चुकला नाही ती बाई जाईल, याची होती.

तो आठवडा मी कसा काढला ते मला माहीत. यजमानांनी दोनदा विचारलं, बरं नाही का. पुढच्या मंगळवारी वर्णनाचा मसुदा टेबलावर होता. आधारमुळं, साल, डिंक, लव, पान, सगळं जिथल्या तिथे. आणि फुलाच्या जागी, बहुधा फक्त स्त्री-फूल, पुंकेसर नाहीत. मी डोळे मिटून झाड उभं करायचा प्रयत्न केला. ते खोडापर्यंत आलं आणि थांबलं. ज्या झाडाला मी कधी भेटणार नव्हते त्याच्याबद्दल माझ्यामुळे खोटं छापलं जाणार होतं, आणि नंतरचा जो तो तेच उतरवून घेणार होता. मला फार लाज वाटली.

“पुंकेसर होते,” मी म्हणाले. “मी पाहिले. पाणी मी ओतून टाकलं.”

तिने पेन खाली ठेवलं. “कधी?”

“त्याच दिवशी. तू मीटिंगला गेली होतीस.”

ती उठून सिंकपाशी गेली. आठवडाभर तिथे सगळ्यांनी चहाचे मग धुतले होते, गोंदाचे ब्रश धुतले होते. ती वाकून खालच्या वळलेल्या पाइपकडे बघत राहिली.

“पाणी ओतलं ते चालतं, मावशी. होतं कुणाकडून पण,” ती म्हणाली. “पण त्या दिवशी सांगितलं असतं ना, तर मी हे पाइप उघडलं असतं. अडकून राहतं कधी कधी.”

ती टेबलाशी परत आली. मी खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली.

“किती होते?”

ते विचारलं तिने अगदी साधेपणाने. वही ओढून, पेन उघडून, मी सांगेन आणि ती लिहील अशी बसली. जिने जन्मभर पेशी मोजल्या तिने पुंकेसर मोजले असणारच, यात तिला शंका नव्हती.

“मोजले नाहीत,” मी म्हणाले. “मी नुसती बघत होते.”

तिने वही मिटली. मग मसुद्यातली ती ओळ खोडली आणि उठून चहा करायला गेली. दोन मग घेऊन आली. मंगळवार माझे गेले नाहीत. फुलं उकलायला मात्र तिने मला पुन्हा दिली नाहीत आणि मीही मागितली नाहीत.

झाडाचं वर्णन गेल्या वर्षी छापून आलं. त्याला नाव मिळालं. तो रस्ता झाला की नाही, ते अजून कळलेलं नाही. शेवटी आभारांच्या यादीत मीही आहे. यजमानांनी त्या पानाचा फोटो पुण्याला पाठवला. मी तो कागद पर्समध्ये ठेवते आणि ट्रॅममध्ये कधी कधी काढते. ओल्या विटांमागे झाड आता पूर्ण उभं राहतं, मुळांपासून पानांपर्यंत. मग फुलाची ओळ येते: पाकळ्या पाच, कडेला झालरदार, पुंकेसर तपासायला मिळाले नाहीत. तिथे मी डोळे मिटते. तांबूस पाण्यात ते पिवळे धागे तरंगायला लागतात आणि मी सावकाश मोजायला घेते. कधी आठ भरतात, कधी दहा.