नवारो भाऊबंद

टॉवेलच्या कारखान्यात दोन गोष्टी रोज झाडून काढल्या तरी दुसऱ्या दिवशी तेवढ्याच साचलेल्या असतात. एक म्हणजे कापसाचं तूस. ते केसांत, चहात, कॉम्प्युटरच्या की-बोर्डमध्ये, कुठेही सापडतं. दुसरी गोष्ट म्हणजे किस्से. आमच्याकडे किश्शांचा एक स्वतंत्र ढीग आहे, तो नवारोंचा.

नवारो हे स्पॅनिश आडनाव. सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या आमच्या कारखान्यातून टॉवेल परदेशी जातात आणि त्यांचा हिशेब, मेल, कागदपत्रं मी बघते. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं, त्याचं आडनाव नवारो. मग चिलीहून एक चौकशी आली, आडनाव नवारो. मग फिलिपाइन्समधल्या मनिलाहून एक आली. तिथेही नवारो!

आमचे मालक व्यंकटेशम अण्णा मल्लेकोंडा. घरात तेलुगू, दारात मराठी. त्यांच्या विणकर समाजात घरनावाला फार किंमत. घरनाव एक असलं की माणसं एकाच रक्ताची, मग एक सोलापुरात असो, दुसरा भिवंडीत, तिसरा सुरतेत. एकमेकांचं तोंड आयुष्यात पाहिलेलं नसलं तरी ते भाऊ. त्यांच्यात सोयरीक होत नाही, सुतक मात्र पाळतात.

हा नियम जगात सगळीकडे लागू आहे, याबद्दल अण्णांना कधीच शंका नव्हती.

*

चिलीच्या नवारोंना आम्ही सॅम्पल पाठवलं. पंधरवडा झाला, महिना झाला, उत्तर नाही. मी तीन मेल टाकले. अण्णा म्हणाले, "मॅडम, त्याला कशाला लिहिता? त्याच्या मोठ्या भावाला लिहा की!"

"कुठल्या भावाला?"

"व्हॅलेन्सियाच्या."

मी समजावून पाहिलं. मध्ये अख्खा अटलांटिक महासागर आहे, म्हटलं. अण्णा म्हणाले, "माझा भाऊबंद सुरतेत आहे. मग?"

पगार त्यांच्याकडून घेत असल्यामुळे मी मेल लिहिला. 'आपल्या चिलीतील बंधूंना सॅम्पलबद्दल दोन शब्द सांगावेत, ही विनंती.' दुसऱ्याच दिवशी व्हॅलेन्सियाहून अत्यंत सभ्य उत्तर आलं, 'आपण म्हणता त्या गृहस्थांना मी ओळखत नाही.'

अण्णांनी ते दोनदा वाचायला लावलं. चष्मा काढला, पुसला, आणि हळहळून म्हणाले,

"भांडण झालेलं दिसतंय."

आठवड्याने चिलीहून मेल आला. ते सुट्टीवर गेले होते, सॅम्पल पसंत होतं. अण्णा म्हणाले, "बघा. शेवटी मोठ्याचाच शब्द लागला."

*

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या कारखान्याला लागून, मध्ये एकच भिंत सोडून, तसाच दुसरा कारखाना आहे. आमच्या फाटकावर बोर्ड, 'मल्लेकोंडा'. त्यांच्या फाटकावर बोर्ड, 'मल्लेकोंडा'. ते नरसय्या, अण्णांचे सख्खे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर वाटणी झाली. माग वाटले गेले, जागा वाटली गेली, सगळं सामंजस्याने झालं. अडलं ते वडिलांच्या जुन्या बोर्डावर. तो दोघांनाही हवा होता आणि बोर्ड काही मधून कापता येत नाही. अण्णांनी तो आपल्या फाटकावर लावला. नरसय्यांनी हुबेहूब तसाच नवा रंगवून घेतला. तेव्हापासून बोलणं बंद.

ऑफिसात त्यांचं नाव घ्यायचं नाही. 'पलीकडचे' म्हणायचं.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो. दोघेही न चुकता रथापुढे असतात, अण्णा डाव्या अंगाला, पलीकडचे उजव्या. रथ वळला की एकमेकांसमोर येऊ नये म्हणून दोघेही एकाच वेळी वर बघतात.

कुरिअरवाले नेहमी गोंधळतात. आमचं पार्सल तिकडे जातं, त्यांचं इकडे येतं. ते परत करण्याची रीत आहे. आमच्या पॅकिंग खात्याचे मुकादम बिरूमामा पार्सल भिंतीवर ठेवतात, वाऱ्याने उडू नये म्हणून वर वीट ठेवतात आणि पाठ फिरवून खोकतात. तिकडचा वॉचमन ते उचलतो. पुढच्या वेळी तिकडून आमचं पार्सल त्याच विटेखाली येतं.

एकदा बिरूमामांना राहवलं नाही. "अण्णा, ती स्पेनची मान्सं कुटं, चिलीची कुटं. त्यास्नी तुमी भाऊ म्हनताय. मंग पलीकडचं तुमचं कोन?"

अण्णा शांतपणे म्हणाले,

"भाऊच आहे. म्हणून तर बोलत नाही. परक्याशी कोण अबोला धरतं?"

*

एकदा व्हॅलेन्सियाच्या नवारोंशी व्हिडिओ कॉल चालू होता. टॉवेलच्या काठाचं बोलून झालं आणि अण्णांनी मला विचारायला लावलं की, तुमचं घराणं मूळचं कुठलं? म्हातारबुवा खुलले. म्हणाले, स्पेनच्या उत्तरेला नवारा नावाचा मुलूख आहे. तिथून जो बाहेर पडला आणि दुसरीकडे राहिला, त्याला तिथले लोक नवारो म्हणू लागले. पुढे जहाजं निघाली. ती जिथे जिथे गेली, तिथे तिथे हे नावही गेलं.

मी भाषांतर केलं. "आमच्यासारखंच आहे, अण्णा. आम्ही मोडनिंबकर. मोडनिंबहून आलेले."

बिरूमामा मोडनिंबचेच. ते दारात उभं राहून ऐकत होते. म्हणाले, "ताई, आमच्या मोडनिंबात एक बी मोडनिंबकर न्हाय."

"कसा असेल? मोडनिंब सोडल्यावरच मोडनिंबकर होतं ना माणूस."

"म्हंजी गाव सोडून गेला त्यालाच गावाचं नाव! आन आमी गावातच मेंढरं राखत बसलो, आमास्नी काय न्हाय?"

ही तक्रार रास्त होती.

अण्णांनी मात्र त्यातून आपला अर्थ काढला, आणि नवारोंच्या सगळ्या ऑर्डरींना 'मोडनिंब पार्टी' हे नाव पडलं. "मोडनिंबचा माल निघाला का?" "मोडनिंबचं सॅम्पल धुवून बघितलं का?" बिरूमामांनी खोक्यांवर खडूने लिहायलाही सुरुवात केली, 'मोडनिंब'.

मग एका सकाळी व्हॅलेन्सियाचा माल ट्रकमध्ये भरून मुंबईच्या बंदराकडे निघाला. ड्रायव्हर नवा होता. खोक्यांवर काय लिहिलंय ते त्याने वाचलं होतं. शिवाय मोडनिंब हायवेवरच लागतं, वाकडी वाट करायची गरजच नाही!

दुपारी बिरूमामांना चुलतभावाचा फोन आला. "हितं फाट्यावर लई खोकी उतरल्यात. तुज्या कंपनीचं नाव हाय. लगीन ठरलंय का काय कुनाचं?"

आम्ही जीप घेऊन पोचलो तेव्हा खोकी नीट रचलेली होती. सावलीला चुलतभाऊ बसला होता, आणि खोक्यांच्या भोवती त्याची मेंढरं. तो म्हणाला, "एक खोकं बी हलू दिलं न्हाय."

माल बंदराला वेळेत लागला. महिन्याभराने म्हाताऱ्या नवारोंनी कळवलं की, टॉवेल उत्तम आहेत, फक्त काही खोक्यांना लोकरीचा वास येतोय. अण्णांनी उत्तर लिहायला सांगितलं, "गावाकडून आलेत."

*

अण्णांच्या केबिनमध्ये जगाचा नकाशा आहे. जिथून नवारो नावाच्या माणसाचा मेल येईल तिथे ते टिकली लावतात. वहिनींच्या टिकल्यांचं पाकीट त्यासाठी ऑफिसात आणून ठेवलंय. स्पेनला एक मोठी लाल. चिली, अर्जेंटिना, मेक्सिको, फिलिपाइन्स, सगळीकडे बारीक. नकाशा बघायला येणाऱ्याला ते सांगतात, "आम्ही माग घेऊन निघालो, हे जहाज घेऊन निघाले. बाकी काही फरक नाही."

मनिलाचे नवारो तरुण आणि हसरे. पहिल्याच कॉलवर अण्णांनी त्यांचं वय विचारलं, आणि ऐकल्यावर म्हणाले, "तम्मुडू!" तम्मुडू म्हणजे तेलुगूत धाकटा भाऊ, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं की तेव्हापासून मेलखाली ते तीच सही करतात. आमच्याकडून फोनवर कुणीही 'तम्मुडू' म्हटलं की पलीकडून 'येस' येतं.

पण याच तम्मुडूने एकदा घात केला. तो म्हणाला, आमचा स्पेनशी रक्ताचा काही संबंध नाही. आमच्याकडे स्पेनचं राज्य होतं, तेव्हा सरकारला सगळ्यांना आडनावं हवी होती. म्हणून साहेबाने आडनावांचं एक पुस्तकच काढलं आणि त्यातली नावं वाटली. आमच्या पणजोबांच्या पणजोबांना नवारो मिळालं.

"रेशनवर रॉकेल मिळायचं तसं?" बिरूमामांनी विचारलं.

"तसंच," मी म्हटलं.

त्या दिवशी अण्णांनी चहा घेतला नाही. दोनदा उठून नकाशासमोर उभे राहिले. मनिलावरच्या टिकलीला बोटही लावलं. मला खरंच वाईट वाटलं. इतक्या मेहनतीने जमवलेलं कुटुंब एका फोनवर मोडणार, असं वाटलं.

संध्याकाळी निघताना ते दारात थांबले. चेहरा उजळला होता.

"मॅडम, दत्तक!"

"काय?"

"दत्तक घेतलेला आहे तो. दत्तक म्हणून काय भाऊ नसतो?"

*

यंदा मात्र हसण्यासारखं फार नव्हतं. काम घटलं होतं. आमचे निम्मे माग बंद, पलीकडचेही निम्मे बंद. भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणसं एक दिवसाआड कामावर यायची. अशात चिलीच्या नवारोंनी हॉटेलांसाठी मोठी ऑर्डर देऊ केली. पावसाळ्यापर्यंत सगळ्यांना रोज काम मिळालं असतं. अट एकच, माल पावसाळ्याआधी हवा. आमचे सगळे माग चालवले तरी तो निघत नव्हता. पलीकडचे धरले तर निघत होता.

हे गणित पॅकिंगच्या बायकांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना येत होतं. अण्णांनाही येत होतं. मी दोनदा विषय काढला, दोनदा त्यांनी नकाशाकडे बघितलं.

"भिंत काय लई उंच न्हाय, ताई," बिरूमामा मला म्हणाले. "मी रोज बगतो की."

चिलीचे नवारो कारखाना बघून निर्णय घेणार होते. ते दिल्लीला प्रदर्शनासाठी आले होते, आणि मनिलाचे नवारोही तिथेच होते. अण्णांनी दोघांनाही जेवायला बोलावलं. "भाऊ भाऊ आहेत, एकत्रच येऊ देत." दोघांनी एकमेकांना जन्मात पाहिलेलं नव्हतं.

अण्णांनी पंगत मांडली. आधी दोघांची वयं विचारली. चिलीचे साठीचे, त्यांना उजवीकडे बसवलं, तम्मुडूला डावीकडे. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पुलिहोरा, म्हणजे तेलुगू घरातला चिंचेचा भात. "आधी धाकट्याला वाढा," असं अण्णांनी चिलीकरांना सांगितलं. त्यांनी वाढलं. चटणी जास्त पडली. तम्मुडूच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा चिलीकरांनी आपल्या हाताने त्याला पाणी पाजलं. जेवण संपेपर्यंत ते त्याला 'नीट जेव' म्हणून दटावू लागले होते.

मग माग बघून झाले. चिलीकर म्हणाले, माल चांगला आहे, पण माग कमी पडतात. त्यांनी वही बंद केली.

आम्ही त्यांना निरोप द्यायला फाटकाशी आलो. चिलीकरांनी आमचा बोर्ड पाहिला. मग शेजारचा पाहिला. पुन्हा आमचा पाहिला.

"तेही मल्लेकोंडाच? तुमचे कोण?"

मी भाषांतर केलं नाही. गरजच नव्हती. अण्णा इंग्रजीत म्हणाले, "आय डोन्ट नो हिम."

चिलीकर तम्मुडूकडे वळले, आणि अगदी गंभीरपणे त्याला म्हणाले,

"भांडण झालेलं दिसतंय."

आणि कुणाला काही कळायच्या आत ते तरातरा चालत पलीकडच्या फाटकातून आत गेले. आम्ही जागच्या जागी उभे. बिरूमामा सवयीने पाठ फिरवून खोकले. थोड्या वेळाने चिलीकर बाहेर आले. त्यांनी नरसय्यांचं मनगट धरलं होतं. नरसय्यांच्या खांद्यावर टॉवेल, हात खरकटा. ते जेवायलाच बसले असावेत.

दोघे भाऊ समोरासमोर. या वेळी वर बघायला रथ नव्हता.

अण्णा बिरूमामांना म्हणाले, "विचार त्यांना, तिकडे किती माग रिकामे आहेत."

बिरूमामा हातभर अंतरावर उभ्या असलेल्या नरसय्यांकडे वळले. "किती माग रिकामं हायत?"

नरसय्या म्हणाले, "सांग त्यांना, पुलिहोरा उरलाय का?"

"पुलिहोरा उरलाय का?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते म्हणाले,

"रा, तम्मुडू. जेवायला ये."

"येस!" म्हणून मनिलाचे नवारो लगबगीने पुढे आले.

अण्णांनी त्यांच्या छातीवर हलकेच हात ठेवला.

"तू नाही. तो."