माउसला कुंकू

बागायतदार काकांच्या हापूसची वेबसाइट करायला मिळाली आणि माझे पाय जमिनीवर ठरेनात. रत्नागिरीत तेव्हा इंटरनेट नुकतंच येत होतं, नि कॉम्प्युटर क्लासमधून बाहेर पडल्यावरचं हे माझं पहिलंच काम. काकांच्या मुलाला मेनू झोकात हवा होता: माउसचा बाण नावावर नुसता नेला की खाली यादी उघडायची. मी तो इतका सुरेख केला की स्वतःच दिवसभर उघडमीट करत बसले.

मग काकांनी माउस धरला. त्यांचे हात कापायचे. ‘आमची बाग’वर बाण नेला की हात हलायचा आणि यादी मिटायची.

"लाजाळूचं झाड लावलंस काय गो?" काका हसले खरे, पण हात हळूच सदऱ्याच्या खिशात गेला. पाडव्याला सगळ्या भावकीसमोर साइट स्वतःच्या हातांनी उघडायची, ही त्यांची केवढी हौस!

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही राहू द्या. चारचौघांत हात कापेल. मी उघडतो."

मला असा राग आला! काकांनी बाग सांभाळत जन्मभर कचेरीत टाइपरायटर बडवलेला. कापरं बोटसुद्धा बटणावर टेकलं की ठाम. मी अख्खा मेनू उसवून पुन्हा शिवला. कीबोर्डवरचा टॅब दाबला की एकेक नाव पुढे, आपण असू तिथे जाड लाल चौकट, एंटर दाबला की यादी उघडणार आणि आपण मिटेपर्यंत उघडीच राहणार. मुलाचा माउसही चालू ठेवला, उगाच भांडण नको.

पाडव्याला ओटीवर ही गर्दी! काकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, ही वेबसाइट मार्गी लाव, पेट्या दुबईपर्यंत सुखरूप पोचव!" सगळे गरजले, "होय महाराजा!" मग काकूंनी कॉम्प्युटरची पूजा केली. पडद्याला हळदकुंकू, कीबोर्डला टिकली, आणि माउस उताणा करून त्याच्या पोटातल्या, बाण फिरवणाऱ्या गोळीला चांगलं ओलं कुंकू.

मुलगा पुढे सरसावला. माउस सरकवतोय, बाण ढिम्म. टेबलावर नुसत्या लाल रेघा! मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबला.

"हो बाजूला, मेल्या," काका म्हणाले. टॅब. पुन्हा टॅब. लाल चौकट सरकेल तशी भावकी ओरडायची, "होय महाराजा!" ‘आमची बाग’वर काकांनी एंटर दाबला. यादी उघडली आणि उघडीच राहिली.

काकांनी हात उचलला. तो कापत होता. तसाच वर करून त्यांनी सगळ्यांना दाखवला.