नकाशावर नसलेली गल्ली

वसुधा रागावली की आधी स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारते. परदेशात, ब्लँचर्डस्टाउनला मुलाकडे राहायला आलो त्याच आठवड्यात मी हे शिकलो. तिच्या दारात कुणीतरी कचऱ्याचा डबा आडवा लावला म्हणून बाई बाह्या सारत आमच्याकडे आली. डबा तिचाच निघाला, वाऱ्याने फिरवला होता. मग त्याच सारलेल्या बाह्यांनी बसून तिनं आमच्याकडे दोनदा चहा घेतला आणि जाताना मला म्हणाली, "काका, चहात आलं कमी टाकून राहिले तुम्ही लोक."

मला ही बाई तेव्हाच आवडली.

वसुधा नागपूरची. नवरा ज्ञानेश सँट्रीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. ती स्वतः हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या खात्यात आहे. नळीत दोष दिसला की अख्खी खेप थांबवायची, हे तिचं काम. वरचा साहेब कितीही ओरडो, थांबली म्हणजे थांबली. घरात गाडी एक, ती ज्ञानेश नेतो. ही बसने जाते-येते. बसथांब्यापासून आमच्या वसाहतीत यायला एक अरुंद गल्ली आहे, एका अंगाला उंच भिंत, दुसऱ्या अंगाला झाडांचं दाट कुंपण. तिथून चालत आलं की घर जवळ. रस्त्याने वळसा घालायचा तर हिवाळ्यात त्या पावसावाऱ्यात जीव जातो.

गेल्या हिवाळ्यात त्या गल्लीत पोरं यायला लागली. तोंडाला काळं फडकं, बुडाखाली विजेवरची स्कूटर. तिला आवाज नाही. मागून येतात, हातातला फोन नाहीतर खांद्यावरची पर्स हिसकतात, वर एखादं अंडं फेकतात आणि "घरी जा" म्हणून ओरडत पसार होतात. अहो, घरीच तर चालली होती ती माणसं! दिवसभर राबून, पिशवीत दूध-पाव घेऊन घरीच चालली होती!

पण मला जास्त राग कुणाचा आला ते सांगतो. आपल्या लोकांचा. एकीची पर्स गेली, दुसरीचा फोन गेला, तिसरीच्या पाठीवर अंडं फुटलं, आणि या शिकल्यासवरल्या मंडळींनी केलं काय? फोनवरच्या मराठी ग्रुपवर लिहिलं. ग्रुप चालवणारा चारुदत्त, पुण्याचा. त्यानं खाली हात जोडलेली चित्रं टाकून सूचना दिली: संध्याकाळी गल्ली टाळा, आणि ज्यांचे नागरिकत्वाचे अर्ज आत आहेत त्यांनी पोलिसांच्या भानगडीत पडू नका, उगाच नाव कुठं लागायला नको. त्याखाली अंगठ्यांची रांग. आमच्या प्रसन्नचाही अंगठा त्यात होता. मी विचारलं, "अरे, चोरी झालेल्याचं नाव लागतं की चोराचं?" तर म्हणतो, "बाबा, तुम्हाला इथलं माहीत नाही."

इथलं नसेल, गावचं माहीत आहे. आमच्या गावी एका पाणंदीतून शेरडं नाहीशी व्हायची. पोलीस पाटील कधी वर कळवायचा नाही, गावाची बेअब्रू नको म्हणून. फौजदार गस्त घालायचा तर शेजारच्या गावात, कारण बोंब तिथली ऐकू यायची. शेवटी पाटलाचंच बोकड गेलं, तेव्हा तो स्वतः सायकलवर टांग टाकून तालुक्याला पळाला. असो.

तर जानेवारीत एके दिवशी गल्लीत वसुधाचा नंबर लागला. नुकता दिवस मावळला होता. मागून येऊन पट्टा ओढला, हिनं सोडला नाही. फरपटली, गुडघा फुटला, तेव्हा कुठं पर्स गेली. आमच्या स्वयंपाकघरात बसून माधवी, म्हणजे आमची सूनबाई, तिचा गुडघा धूत होती आणि ही ओरडत होती, "फोनचं नाही गं काही! आईनं दिलेला डबा होता त्यात! नवीन लग्न झालं तेव्हाचा! मेले त्यात काय खाणार आहेत?"

ज्ञानेश धावत आला. सज्जन माणूस, पण भित्रा. गुडघा बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तोंडातून निघालं ते असं, "वसुधा, ऐक. अर्ज आत आहे. पोलिसात नको. तू काही दिवस नोकरी सोड. नावन गावाला घर बघू, तिकडं शांत आहे."

"म्हणजे चोरी त्यांनी केली आणि घरात बसू मी?"

"मी तुझ्या जिवासाठी सांगतोय."

"माझ्या जिवासाठी का तुझ्या पासपोर्टसाठी?"

माधवीनं हळूच माझ्याकडे बघितलं. मी चहात आलं वाढवलं.

शेवटी ज्ञानेश म्हणाला, "मार्चपर्यंत बघू. तोवर ती गल्ली अशीच राहिली तर तू राजीनामा द्यायचा. कबूल?" वसुधानं बाह्या वर सारल्या. "मार्चपर्यंत ना? बघ मग."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गार्डांच्या ठाण्यात गेली. इथं पोलिसाला गार्डा म्हणतात. तिथं नीव्ह नावाची सार्जंट होती, पोरसवदा दिसणारी, लाल केसांची. तिनं सगळं नीट लिहून घेतलं, आणि शेवटी म्हणाली, त्या गल्लीतली आमच्याकडे आलेली ही पहिलीच तक्रार.

"पहिली?" वसुधा आम्हाला सांगताना खुर्चीतून उठलीच. "काका, मला वाटलं बाई थट्टा करून राहिली!"

मग नीव्हनं तिला समजावलं. हिसकाहिसकीसाठी त्यांनी खास पथक केलेलं होतं, साध्या कपड्यातले गार्डा, सायकलीवरचे गार्डा. पण माणसं मोजकी. म्हणून तक्रार आली की नकाशावर ठिपका पडतो, आणि ठिपके जिथं दाट तिथं पथक जातं. त्या महिन्यात पथक मोठ्या दुकानांच्या बाजूला उभं होतं. आमच्या गल्लीवर एकही ठिपका नव्हता.

"म्हणजे बघा," वसुधा म्हणाली, "त्यांच्या नकाशात आपण सगळे त्या गल्लीत फुलं वेचत फिरून राहिलोय! पोरांना हे पक्कं ठाऊक आहे. हे लोक मार खातात आणि बोलत नाहीत. म्हणून तर येतात!"

आणि अर्जाचं? तेही तिनं विचारलं होतं. नीव्हनं डोळे मोठे केले. अर्जात चांगलं चारित्र्य बघतात, पण जिची पर्स गेली तिचं ते कशानं बिघडतं, असं तुम्हाला सांगितलं तरी कुणी? वसुधानं चारुदत्तचं नाव सांगितलं नाही. ते उपकारच.

त्याच शनिवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पुरुषांना वर पिटाळलं होतं. मी जिन्यात बसून राहिलो, कारण तिथून तिळगुळाचं ताट दिसत होतं. आणि तिथून मला जे दिसलं ना, त्यानं माझं डोकं सणकलं. बायका दारातून आत येत, कोट काढत, मग पिशवीतून डबी काढून मंगळसूत्र, नथ, पाटल्या घालत. अंगणापासून दारापर्यंत यायचं तरी दागिना लपवून! निघताना पुन्हा सगळं काढून डबीत. लेकीसुना मंगळसूत्र असं चोरासारखं वागवतात, आणि चोर उघड्यावर फिरतात.

उखाण्यांची वेळ आली. कुणी गुलाबाचं नाव घेतलं, कुणी चांदण्यांचं. निवेदिता म्हणाली, "आता वसुधा! गुडघा दुखतोय, पण तोंड दुखत नाही ना?" सगळ्या हसल्या. वसुधा उभी राहिली. बाह्या पैठणीच्या ब्लाउजच्या, वर जाईनात, तरी तिनं त्या ओढल्याच.

"गल्लीत पडतात धक्के, ठाण्यात नाही नोंद,
ज्ञानेशरावांचं नाव घेते, तुमची तोंडं का बंद?"

कुणी हसेना. मग ती एकेकीकडे बोट दाखवत निघाली. "निवेदिता, तुझा फोन कुठं गेला? भार्गवी, तुझ्या पाठीवर अंडं कुठं फुटलं? माधवी, तू काहून रस्त्यानं वळसा घालून येते?"

"अगं, आज हळदीकुंकू आहे," निवेदिता पुटपुटली.

"म्हणून तर! सगळ्या एका जागी आहात. चला, कोट घाला."

"आत्ता? या साडीत?"

"मग काय, पर्स हिसकायला आले तेव्हा साडी बदलून या म्हणाले होते का?"

पहिली उठली माधवी, आमची सून. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वरून प्रसन्न ओरडला, "अगं, चारुदत्त काय म्हणेल?" तिनं खालूनच उत्तर दिलं, "तो गणपतीच्या आरतीला येईल तेव्हा विचारीन. गाडीची चावी टाक!"

गाड्या काढल्या. मी कोट चढवून आधीच पुढच्या सीटवर बसलो होतो, त्यामुळे मला उतरवायला कुणाला सवड झाली नाही. नात रेवा मागून कुजबुजली, "आजोबा, धिस इज सो ग्रँड!"

ठाण्याच्या खिडकीपाशी पैठण्या, नऊवारी, वर फुगीर कोट, कपाळभर कुंकू. आतल्या तरुण गार्डाला वाटलं, लग्नात मारामारी झाली. तेवढ्यात नीव्ह बाहेर आली. वसुधानं तिच्या हातावर लाडू ठेवला. "हा आमचा तिळगूळ. हा देताना गोड बोला म्हणायची पद्धत आहे. आज ते होणार नाही. या सगळ्यांची ऐकून घ्या."

नीव्हनं लाडू तोंडात टाकला आणि वही नाही, दोन गार्डाच हाताशी घेतले. एकेक बाई आत जाऊन सांगत होती. भार्गवी बाहेर आली तेव्हा रडत होती. म्हणाली, "मी हे घरीसुद्धा सांगितलं नव्हतं." तिला त्यांनी नुसतं अंडं नव्हतं मारलं. ढकलून भिंतीवर आपटलं होतं. नवऱ्याला तिनं पाय घसरला म्हणून सांगितलं होतं. मी बाकावर बसून ते ऐकलं आणि माझ्या हाताच्या मुठी वळल्या. या वयात मुठी वळून काय करायचं, ते काही कळेना.

पुढच्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी दोन धावणारे दिसायला लागले. नवेकोरे धावायचे कपडे, आणि पायात काळे पोलिसी बूट! वसुधा बसमधून उतरली आणि थेट त्यांच्यापुढे. "भाऊ, बूट बदला. मला कळलं, तर पोरांना कळणार नाही का?" दुसऱ्या दिवशी बूट बदलले होते. पाठलाग ते करत नाहीत, पोरगं पडून मेलं तर नवीच आफत. त्यांनी गल्लीची दोन्ही तोंडं धरली, आणि पोरं एका बाईची पिशवी घेऊन सुटली ती सरळ गार्डांच्या हातात. फडकी काढली तर दाढीमिशी न फुटलेली तोंडं. वसुधानं आवाजावरून ओळखलं आणि कोर्टापर्यंत यायची तयारी आहे असं सांगून आली. वय लहान, शिक्षेऐवजी समज देऊनच भागेल, असं नीव्ह म्हणाली, तेव्हा बाह्या पुन्हा वर गेल्या. डबा काही मिळाला नाही.

फेब्रुवारी सरता सरता नीव्हचा निरोप आला. तुमच्याकडच्या तक्रारी थांबल्या, आता पथक दुसरीकडे जाणार.

"म्हणजे आम्ही गप्प झालो की तुम्ही जाणार, आणि तुम्ही गेलात की ते येणार!" वसुधा फोनवर कडाडली. नीव्ह म्हणाली, ठिपका पडला की परत येऊ. वसुधानं फोन ठेवला आणि मराठी ग्रुपवर लिहिलं: गल्लीत कुणी नुसतं हटकलं तरी कळवायचं, ज्याला लाज वाटते त्यानं मला सांगायचं, मी सोबत येते. खाली अंगठे आले. चारुदत्तचा सगळ्यात शेवटी, पण आला.

मार्च लागला. पथक गेल्यानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी मी बसथांब्याजवळ उभा होतो. ज्ञानेश गाडी घेऊन आधीच आला होता, इंजिन चालू, चेहरा उतरलेला. बस थांबली, वसुधा उतरली. नवी पर्स, कोटावर उघडं मंगळसूत्र.

"बस गाडीत," ज्ञानेश म्हणाला. "आज पथक नाही तिथं."

"तू जा गाडी घेऊन. मी चालत येते."

"वसुधा, हट्ट करू नकोस."

"मार्चपर्यंत बघू म्हणाला होतास ना? मग बघ!"

आणि ती गल्लीकडे निघाली. मग इंजिन बंद झालं, दार आपटलं. गाडी थांब्यापाशीच सोडून ज्ञानेश तिच्या मागं पळाला आणि तिच्या बरोबरीनं चालायला लागला. तो काहीतरी बोलत होता, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. चालता चालता तिनं पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि मोकळा झालेला हात त्याच्या हातात दिला. बाह्या मात्र वरच होत्या.