कॅप्टन धानके यांच्या बाजूची सीट

धसईचा बाजार उठत आला होता आणि मी वालाच्या शेंगा मोडून बघत होतो, तेव्हा यशवंतचा फोन आला. यशवंत म्हणजे कॅप्टन वसंत धानके यांची किन्हवलीबाहेरची शेती बघणारा. “गुरुजी, साहेब जेवले, जरा पडतो बोलले, आन उठलेच नाय,” एवढंच तो म्हणाला. माणूस गेल्याचं कळलं की त्याचा चेहरा आठवावा, अशी रीत आहे. मला आठवलं ते मी स्वतः वेळेवर न बोललेलं एक वाक्य. दीड महिना झाला, ते अजून मनात खाली बसत नाही. शोकसभेत तीन वक्त्यांनी सांगितलं की साहेब शेवटपर्यंत आजारी माणसांना गाडीतून दवाखान्यात नेत होते आणि त्यांची नजर घारीची होती. दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या. मला ते माहीत होतं आणि मी पहिल्या रांगेत गप्प बसलो... दुसऱ्यांदा गप्प बसलो. म्हणून हे लिहितो आहे.

कॅप्टन इथल्याच भातशेतकऱ्याचे चिरंजीव. शिकले, मोठी प्रवासी विमानं चालवली, पत्नी गेल्यावर आणि मुलगा परदेशात रुळल्यावर निवृत्तीनंतर गावी परतले. मी भूगोलाचा मास्तर. जन्मभर पोरांना नकाशावर देश दाखवले आणि विमानात एकदाही बसलो नाही. त्यांनी ते देश पाहिले होते, पण बहुतेक विमानतळ आणि हॉटेलची खिडकी एवढेच. दोघांचं ज्ञान अर्धवट असल्यामुळे आमचं जमलं. परतल्यावर पहिल्याच महिन्यात गावाने त्यांचा सत्कार केला. शाल, नारळ, ‘गगनाला गवसणी घालणारा सुपुत्र’ वगैरे सगळं झालं. मागच्या फ्लेक्सवर त्यांच्या फोटोशेजारी भलंमोठं हेलिकॉप्टर छापलेलं होतं. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मास्तर, हे मी कधी चालवलं नाही.” मी सांगितलं की आमच्याकडे जमिनीवर उतरताना लोकांनी तेवढंच पाहिलंय, तेही निवडणुकीत. ते इतके हसले की निवेदकाला वाटलं, साहेब भारावले.

त्या दिवसापासून ते मला रोज बोलावू लागले. कारण त्यांनी नंतर सांगितलं. गावात ते काहीही बोलले तरी लोक ‘बरोबर साहेब’ म्हणायचे आणि त्यांना त्या शब्दांची धास्ती होती. तरुणपणी ते सहवैमानिक असताना एका नामांकित कॅप्टनच्या शेजारी बसले होते. विमान उतरताना फार खाली आल्याचं त्यांना दिसलं. पण एवढ्या मोठ्या माणसाला चूक कशी दाखवायची, म्हणून ते थांबले. मग कसंबसं बोलले, विमान पुन्हा वर घेतलं गेलं, प्रवाशांना काही कळलंही नाही. पण ते थांबलेले काही क्षण त्यांनी आयुष्यभर मोजले. पुढे स्वतः कॅप्टन झाल्यावर प्रत्येक उड्डाणाआधी ते शेजारच्या पोराला बजावत, “माझं चुकतंय असं वाटलं की बोलायचं. साहेब म्हणायचं असेल तर उतरल्यावर म्हण.”

गावात त्यांनी जुनी जीप घेतली आणि नकळत ती गावाची रुग्णवाहिका झाली. साप चावला, ताप चढला, कुणाला कळा सुरू झाल्या, की माणसं त्यांच्या अंगणात. पण निघण्याआधी ते चाकं, ब्रेक, डिझेल, दिवे एकेक मोठ्याने उच्चारून तपासत. एकदा एका अडलेल्या बाईची सासू वैतागून म्हणाली, “साहेब, पोर गाडीतच व्हईल ना!” ते शांतपणे म्हणाले, “गाडीत चालेल आजी, ओढ्यात नको.” पोर दवाखान्यातच झालं.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी दोघे शहापूरला निघालो होतो, मी शेजारच्या सीटवर. भात झोडून झालं की आमच्याकडे लोक ते डांबरी रस्त्यावर वाळत घालतात आणि राखायला एखादी म्हातारी बसते. तशी एक समोर बसली होती. मला ती दुरूनच दिसली. गाडीचा वेग कमी होईना. मी मनात म्हटलं, यांना दिसलीच असणार, इतकी वर्षं विमानं चालवलीत... गप्पांत मोठ्या माणसांची टर उडवणारा मी, त्या रस्त्यावर ‘बरोबर साहेब’ म्हणणाऱ्यांतलाच निघालो. म्हातारीच कोंबड्या हाकायची काठी टाकून बाजूला लोळली. जीप भातावरून गेली आणि थांबली. ती उठली, लुगडं झटकलं आणि ओरडली, “डोले फुटले का रं तुजे?”

कॅप्टन उतरले. तिची माफी मागितली, तिच्यासोबत खाली बसून विखुरलेलं भात हातांनी गोळा केलं. परत येऊन स्टिअरिंगमागे बसले, पण किल्ली फिरवली नाही.

“तुम्हाला दिसली होती?”

“हो.”

“मग?”

 ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, डोळ्यांचं वर्षभर जाणवत होतं. रोज कुणाला तरी विचारायचे, गाडी नीट चालवतो ना, आणि प्रत्येक जण म्हणायचा, एक नंबर साहेब. “तुम्ही तरी सांगाल असं वाटलं होतं. आता सांगा.”

“गाडी चालवणं बंद करा, कॅप्टन.”

त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. आम्ही यशवंतला बोलावून घेतलं. ते रस्त्याकडेला उभे होते, पाठ ताठ, पण कुठे बघावं ते न कळल्यासारखे. त्यानंतर जेमतेम तीन महिने. कुणी आजारी पडलं की ते अंगणात येरझारा घालायचे. यशवंत पेशंट घेऊन गेला की धूळ खाली बसेपर्यंत फाटकाशी उभे राहायचे. माझ्या एका वाक्याने त्यांचं आयुष्य आखडलं का, हे मला ठाऊक नाही. बोलायला नको होतं असं मात्र वाटत नाही. उशीर केला, एवढंच टोचतं. त्यांच्या शेवटच्या वर्षात त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट मागितली होती.

परवा एसटीने शहापूरला जात होतो, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर. वळणापलीकडे म्हशी रस्ता ओलांडत होत्या. मी मोठ्याने म्हटलं, “पुढे म्हशी आहेत.”

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. “काका, डोले हायत मला.”

मागे दोघं-तिघं हसले. असू दे. पुढच्या ओढ्यावर कठडा तुटला होता. मी तेही सांगितलं.