परत म्हणून दाखव

कुर्डुवाडीहून आलेल्या गाडीतून उतरलो, तर सोलापूर स्टेशनाबाहेर टांगेवालाच म्हणाला, "तुमचे बोटीवाले गेले की, मास्तर. सकाळीच उरकलं सगळं." महिना झाला त्याला. अजून मला रडू येत नाही, रागच येतो... नारायण गेला त्याचा, आणि जाईपर्यंत गप्प राहिला त्याचा.

आम्ही दोघं मोडनिंबचे, एका बाकावर शिकलेले. तो सरकारी जहाजावर धाकटा अधिकारी झाला तेव्हा विहिरीपलीकडं पाणी न पाहिलेली माणसंही समुद्राच्या गप्पा हाणू लागली. चार वर्षांनी एक ट्रंक घेऊन तो परतला आणि सोलापुरात मिलच्या विणकाम खात्यात मुकादम झाला. मग काय, गावभर झालं, "दारू पिऊन जहाज घातलं म्हणे वाळूत!" त्या एका 'म्हणे'नं त्याच्या बहिणीचं, वत्सलाचं, ठरलेलं लग्न मोडलं. ह्यानं चकार शब्द काढला नाही.

मिलमध्ये त्याची एक खोड होती. भोंगा झाला तरी हा जागचा हलायचा नाही. पुढच्या पाळीच्या मुकादमाला कुठला माग बिघडलाय, कुणाला बरं नाही, ते सांगायचा आणि म्हणायचा, "परत म्हणून दाखव." समोरच्यानं शब्दन् शब्द म्हटल्यावरच ह्याची टोपी डोक्यावर चढायची. लोक हसायचे.

खरं कळलं ते दोन वर्षांनी. रत्नागिरीकडचा एक खलाशी कोकमाची पिशवी घेऊन, नारायणाचं घर विचारत माझ्या शाळेत आला. त्यानंच सांगितलं. जहाजावर पाळी सोपवताना पुढची दिशा सांगायची आणि घेणाऱ्यानं ती मोठ्यानं परत म्हणायची, असा रिवाज. एका दुपारी नारायण अंगात ताप असताना दिशा सांगून, उत्तर न ऐकताच खाली उतरला. पुढच्या अधिकाऱ्यानं ती ऐकलीच नव्हती. तासाभरात जहाज वाळूत रुतलं. कप्तानानं सुकाणूवरच्या ह्या खलाशावर ठपका ठेवला आणि नारायणाला तोंड मिटायला सांगितलं. नारायण चौकशीत उभा राहिला आणि म्हणाला, "उत्तर ऐकलं नाही, म्हणजे पाळी माझीच होती. चूक माझी." खलाशाची नोकरी वाचली, ह्याची गेली.

मी तडक त्याच्या खोलीवर गेलो. "अरे, निदान वत्सलासाठी तरी सांगायचंस!"

"काय सांगू? चूक माझीच की."

"आणि दारूचं?"

"ते खोटं हाय. पन ते खोडाय गेलो की सगळंच सांगावं लागंल, मग खलाशाला वाचिवलं म्हनून लोक मला लई मोठा म्हनतील. चूक ऱ्हाती बाजूला."

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. सचोटी म्हणून किती ताणायची? आणि तिची झळ बहिणीनं का सोसायची?

त्याच्या आजारपणात शेवटचा भेटलो तेव्हा त्याला धड बोलवत नव्हतं. वत्सला उशाशी बसली होती. तिला पाणी आणायला धाडून तो म्हणाला, "माज्यामागं ह्यातलं कुटं बोलायचं न्हाय, लिवायचं न्हाय. परत म्हण."

मी खिडकीकडं बघत राहिलो.

"म्हण की रे..."

मी त्याचं पांघरूण सारखं केलं आणि निघून आलो.

परवा भोंग्याच्या वेळी मिलवरून गेलो. नारायणाच्या जागेवरचा नवा मुकादम टोपी हातात धरून दारात अडला होता. पुढच्या पाळीवाल्याला म्हणत होता, "परत म्हणून दाखव." त्यानं मुकाट्यानं म्हणून दाखवलं.

मी म्हटलं नव्हतं. म्हणून हे लिहिलं.