उलटी बाजू

आमच्या विणकरांच्या घरात हिमरूचं, म्हणजे रेशमी वेलबुट्टीचं कापड पाहुण्यासमोर कधी उलटं करत नसत. सुलट बाजूला नुसती वेल दिसते. उलट्या बाजूला मोकळे सुटलेले दोरे असतात आणि जाणकार विणकर ते मोजून अख्खी नक्शी उचलू शकतो. चहा द्या, पान द्या, पण कापडाची पाठ दाखवू नका, असा आमचा रिवाज. मला त्याचं बाळकडूच मिळालेलं. त्यात मी स्वभावानं संशयी, दूधवाल्याच्या मापातही डोकावून बघणारी.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. त्या पावसाळ्यात खाम नदी आमच्या गल्लीत शिरली. मागाचा खड्डा गाळानं भरला आणि मागावर नक्शी बांधून ठेवलेलं दोऱ्यांचं जाळं कुजून गेलं. बदामाच्या फुलांची ती वेल शहरात फक्त आमच्याच घरी विणली जाई. उरली होती ती आजोबांच्या शेरवानीची एक बाही, उंच कोनाड्यात होती म्हणून वाचलेली. माग उभा राहिला की तिच्यावरून दोरे मोजून नवं जाळं बांधायचं, असं अब्बांनी ठरवलं होतं.

अशात एक मुनशी गल्लीत फिरू लागला. हा म्हणे वेरूळच्या लेण्यांची मोजमापं घेणारा, आता पुरातून वाचलेल्या जुन्या नक्श्या उतरवून घेतोय. माणूस धान्याचं विचारत नाही, पडलेल्या भिंतींचं विचारत नाही, जुन्या कापडाचं विचारतो! रोज गाळातून फिरून त्याचे बूट चकचकीत कसे, हेही मला खटकत होतं. शेजारीण येऊन सांगून गेली, "बाई, त्यानं आमचं कापड पालथं केलं. भिंग लावून दोरे मोजले." झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"अब्बा, त्याला बाही दावू नका," मी म्हणाले. "आज मोजील, उद्या दुसऱ्याच्या मागावर आपली वेल."

"येऊ तर दे त्याला. लई शक करतीस तू."

अब्बा भोळे. ते दाखवणार, याची मला खात्री होती. दुपारी ते नमाजला गेले तेव्हा मी बाही काढली, उलटी केली आणि मागचे मोकळे दोरे कात्रीनं कापून टाकले. एकूणएक. सुलट बाजू होती तशीच सुंदर दिसत होती. आता मोज म्हणावं! अब्बा मोजायचं म्हणतात ते नुसतं खात्रीसाठी, जन्मभर विणलेली वेल त्यांच्या बोटांतच आहे, असं मी स्वतःला पटवलं. केवढा तो शहाणपणा!

दुसऱ्या दिवशी मुनशी आला. मी पडद्याआड उभी. त्यानं वही उघडली.

"दर घराला एक पान आहे," तो म्हणाला. "वर घराचं नाव, खाली नक्शी. एक नक्कल तुमच्याजवळ राहील. पुन्हा पाणी आलं तरी वेल जाणार नाय. कुणी आपली म्हणून सांगितली तर हे पान दाखवा."

शेजाऱ्यांचं पान त्यानं अब्बांपुढं धरलं. चौकटीचौकटीत त्यांची कोयरी नीट उतरली होती आणि वर त्यांचंच नाव होतं. तरी मी मनात म्हणतच होते, लुटणारे सगळे असेच गोड बोलतात.

अब्बांनी बाही आणली. रिवाज आठवून ते जरा थांबले. मग त्यांनी आपल्या हातानं ती पालथी केली.

पाठ बोडकी होती. त्यांनी बाही उचलली तसे फुलांतले रेशमाचे तुकडे चटईवर गळू लागले. एक, दोन, मग अख्खं फूल. त्यांनी पडद्याकडं पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हाला याद असेल ना?" मुनशीनं हळूच विचारलं.

"जाळं माझ्या बापानं बांधलेलं. मी नुसतं विणलं."

अब्बांनी बाहीची घडी घातली, सुलट बाजू वर ठेवून. "लिहा," ते म्हणाले, "पुरात गेली."

मुनशीला कात्रीनं कापलेली टोकं दिसली असणारच. त्यानं अब्बांनी सांगितलं तसंच लिहिलं. अब्बांनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही, आणि मला त्यांची माफी मागायचं धाडस झालं नाही.

त्या वहीत आमचंही पान आहे. वर घराचं नाव, खाली एवढंच, की नक्शी पुरात गेली. पाणी त्या कोनाड्यापर्यंत चढलंच नव्हतं.